मिस्त्रींचं धामणीचं लाकूड

मिस्त्रींना कुणी नमस्कार केला की ते विचारायचे, "कशाला?"

नवा माणूस गोंधळून जायचा. जुने लोक त्यांना नमस्कार करतच नसत, सरळ काम सांगत. काम सांगितलं तरी पहिलं उत्तर ठरलेलं असे, "हे कोनाला सुचलं?" ज्याला सुचलं असेल त्याचं नाव सांगावं लागे. मग मिस्त्री त्या माणसाच्या अकलेविषयी दोन वाक्यं बोलत आणि काम अंगावर घेत. घेतलेलं काम सांगितलेल्या दिवशी मिळे. बावीस वर्षांत एकदाही तारीख चुकल्याचं मला आठवत नाही, आणि तारखा मला आठवतात.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. श्रीरामपुराहून एसटीने पाऊण तासावर आमचा कारखाना. मिस्त्री तिथे सुतारखात्यात होते. यंत्राचा एखादा भाग ओतून घ्यायचा असला की त्याचा लाकडी साचा आधी ते घडवत. लहानपणी श्रीरामपूरला मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले होते. दर रविवारी दाढी करून, पांढरा शर्ट घालून चर्चला जात आणि तिथल्या बाकांच्या सांध्यांना नावं ठेवत परत येत. प्लायवूडला ते कागद म्हणत. कॉलनीत कुणी नवीन कपाट आणलं आणि त्यांना बघायला बोलावलं तर दारातूनच म्हणत, "छान हाय. पावसात नेऊ नका, लगदा व्हईल." एका घरात तर यजमानीण चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात त्यांनी कपाटाच्या मागच्या फळीला अंगठा लावून भोक पाडलं आणि तिला बोलावून दाखवलं. चहा मिळाला नाही.

हे लिहिताना मला राग येतो आहे. तो कुणाकुणावर आहे ते आधीच सांगून टाकतो. कॉलनीतल्या मंडळाच्या अध्यक्षांवर, मैदानात हसलेल्या लोकांवर, मिस्त्रींवर आणि माझ्यावर. हा क्रम उलटा लावला तरी चालेल.

मिस्त्री धनुष्यं करायचे. कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. सुतारखात्याच्या मागे उसाच्या चिपाडाचा भुसा ठासून भरलेलं एक पोतं त्यांनी लिंबाच्या झाडाला बांधलं होतं. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की ते त्या पोत्यावर सहा बाण मारत. सातवा कधीच नाही. येणारे-जाणारे कामगार ओरडत, "मिस्त्री, पोतं लई माजलंय, हाना!" मिस्त्री मागे न बघता म्हणत, "पोतं गप बसतंय. तेवढं तुमाला जमंना."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती भांडणातून. मी एकदा सहज विचारलं, "मिस्त्री, या धनुष्याची लांबी किती सेंटिमीटर?"

"माझ्या उंचीयेवढी."

"तुमची उंची किती?"

"धनुष्यायेवढी."

मी चिडलो. त्यांच्याकडे टेप होता, साच्यांच्या कामात ते अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब ठेवत, पण धनुष्याला टेप लावत नसत. एक सुतळी होती गाठी मारलेली, तिनेच सगळी मापं. मी म्हणालो, अशाने तुम्हाला तेच धनुष्य पुन्हा करता येणार नाही. ते म्हणाले, "पुन्ना कशाला करायचं? तेच लाकूड पुन्ना मिळतंय व्हय?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'टक्केसाहेब' झालो. प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर टक्केच काढतो. रसात साखर किती, भुशात पाणी किती. भुसा वजन करून ओव्हनमध्ये ठेवायचा, पाणी उडून गेलं की पुन्हा वजन करायचं, फरक काढायचा. साधी गोष्ट आहे. मी ती अठरा वर्षं करत होतो आणि मला ती येते अशी माझी समजूत होती.

धामणीचं झाड त्यांनी मला दाखवलं त्याला आता आठ वर्षं होतील. अकोले गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर एका शेतकऱ्याच्या बांधावर ते उभं होतं. मिस्त्री सहा वर्षं दर हिवाळ्यात ते झाड बघायला जात होते. नुसतं बघायला. सातव्या वर्षी मला म्हणाले, "टक्केसाहेब, रजा टाका. एक गोष्ट दाखवतो, तुमच्या काट्यावर बसनार न्हाई अशी."

संगमनेरला गाडी बदलून आम्ही गेलो. एसटीत खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "आत्तापर्यंत अकरा केली. बांबूची, न्हाईतर तुकडे जोडून. एकसंध, धामणीचं, माझ्या उंचीचं एकबी न्हाई." मग दोन्ही हात पुढे धरून बोटं उघडझाप करून दाखवली. सांधे सुजलेले होते, उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती. "अजून एक व्हईल. दोन न्हाई व्हनार."

मग अकोल्यापर्यंत ती दोन बोटं चोळत राहिले.

धामणीचं लाकूड वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. आमच्या भागातले जुने लोक कावडीची दांडी तिचीच करत. पण प्रत्येक झाड चालत नाही. मिस्त्री उतारावर चढताना वाटेतल्या झाडांना शिव्या देत चालले होते. हे उन्हात वाढलंय, भसाभस वाढलंय, आत पोकळ स्वभावाचं. ह्याला खाली फांदी, म्हणजे आत गाठ. हे वरून सरळ, पण साल बघा, सालीच्या रेघा दोरीवानी पीळ घेत वर चालल्यात. साल पिळली की लाकूड पिळलं, असलं धनुष्य हातात फिरतं. त्यांचं झाड डोंगराच्या सावलीच्या अंगाला होतं. मांडीएवढं जाड, डोक्याच्याही वरपर्यंत एक फांदी नाही, सालीच्या रेघा ओळंब्याने मारल्यासारख्या. मिस्त्रींनी त्याला कान लावला, बोटांच्या पेरांनी ठोकलं. शिवी दिली नाही.

शेतकरी म्हणाला, "तोडा की मिस्त्री. सावलीनं माझं भात पिवळं पडतंय. किती वर्सं नुसतं बघता? लगीन करायचंय का त्याच्याशी?"

मी मध्ये पडलो. झाड खाजगी जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. मिस्त्री माझ्यावर उखडले. "झाड कागदावर उगवलंय का?" पण मी ऐकलं नाही. शेतकऱ्याकडून अर्ज लिहून घेतला, दोन खेपा घातल्या, कागद मिळवला. त्याला दोन महिने गेले. योगायोगाने ते बरंच झालं. जानेवारीत झाडाची पानं गळून गेली होती आणि नवी फुटायला वेळ होता, त्याच दिवसांत लाकूड तोडायचं असतं. खोडात पाणी सगळ्यात कमी तेव्हाच. मिस्त्रींनी हे कबूल केलं नाही. म्हणाले, "तुमच्या कागदाला चुकून अक्कल आली."

खोड त्यांनी करवतीने चिरलं नाही. पाचरी ठोकून फोडलं. करवत जाईल तिकडे जाते, पाचर लाकडाच्या धाग्याने जाते, मग कळतं आत काय आहे ते. खोडाचे चार भाग निघाले. दोन भागांत आत गाठ निघाली, ते त्यांनी शेतकऱ्याला जळणाला दिले. तिसरा थोडा पिळलेला होता. चौथा घेऊन आम्ही टेम्पोने परत आलो.

त्या तुकड्याची साल काढली नाही. सालीखालचा पहिला थर धनुष्याच्या पाठीला येतो, ओढलं की सगळा ताण त्याच्यावर. तो थर एका जागी जरी छिलला गेला तरी तिथून फाटतं. दोन्ही टोकांना त्यांनी मेण वितळवून लावलं. लाकडातलं पाणी टोकांतून लवकर पळतं, टोकं आधी सुकतात, आकसतात आणि तडकतात. म्हणून टोकं बंद करायची, म्हणजे ते आतून, हळूहळू, अंगातून सुकेल. मग सुतारखात्याच्या माळ्यावर, सावलीत, वारा खेळेल असं दोन आडव्या दांड्यांवर ठेवलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन दिवाळ्या."

"पण पाणी किती टक्के उरलं की चालेल?"

"दोन दिवाळ्या म्हनलं ना."

मी माझ्या पद्धतीने लागलो. आणलं त्याच दिवशी वजन केलं, अकरा किलो दोनशे ग्रॅम. पडलेली एक कपची ओव्हनमध्ये सुकवली, शंभरात साडेसदतीस पाणी. वहीत लिहिलं. पुढे दर रविवारी मिस्त्री चर्चहून आले की आम्ही माळ्यावरून ते लाकूड उतरवत असू, तोलत असू, पुन्हा ठेवत असू. मिस्त्री वैतागत, पण एका बाजूने धरत. जूनपर्यंत ते नऊ किलोंवर आलं. पावसाळ्यात थबकलं. ऑगस्टात तर एका आठवड्यात चाळीस ग्रॅम वाढलं. मी घाबरून सांगितलं तर म्हणाले, "हवेतलं प्यालं. त्यात काय? तुमीबी पावसाळ्यात चहा ज्यास्त पिता."

त्या रविवारांबद्दल मला बोलायचं नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मी कुणाबरोबर असं नुसतं एखादी गोष्ट होण्याची वाट बघत बसलो आहे.

आता अध्यक्ष. कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष कारखान्यातच कामगार कल्याणाचं बघत. बोलणं गोड, चालणं घाईचं, हातात कायम मोबाईल. दसऱ्याला मैदानावर रावण जाळायचा कार्यक्रम त्यांनीच सुरू केला होता. त्या वर्षी एका मोठ्या पाहुण्यांनी यायचं कबूल केलं आणि अध्यक्षांच्या डोक्यात आलं, की पाहुण्यांनी खऱ्या धनुष्यातून पेटता बाण मारायचा. आपल्याच कारखान्यातल्या मिस्त्रींनी घडवलेलं पुरुषभर उंचीचं धनुष्य. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलं. छापून झाल्यावर मिस्त्रींना सांगितलं.

"हे कोनाला सुचलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मलाच, मिस्त्री."

मिस्त्रींनी त्यांची ठरलेली दोन वाक्यं बोलून दाखवली आणि पुढे म्हणाले, "बांबूचं देतो. पाहिजे तेवढं देतो. माळ्यावरचं ह्या दसऱ्याला न्हाई. पुढच्याबी न्हाई."

"बांबूचं काय दाखवायचं पाहुण्यांना? लोकं म्हणतील शेताला कुंपण घालताय का?"

मिस्त्री नाही म्हणाले आणि जामखेडला बहिणीच्या सुनेचं काही कार्य होतं तिकडे दहा दिवसांच्या रजेवर गेले. अध्यक्ष माझ्याकडे आले.

इथून पुढे जे झालं त्यात मी होतो. कुणी मला ढकललं नाही. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, तुम्ही शास्त्रवाले. लाकूड सुकवायला दोन दिवाळ्या कशाला हव्यात? बॉयलर चाचणीसाठी पेटवलाय, वर कट्ट्यावर चांगली ऊब आहे. आठ दिवस ठेवलं तर?" मी विचार केला. प्रयोगशाळेत मी जे चार तासांत करतो तेच हे. मी म्हणालो, "फार तापू देऊ नका. हात ठेवता आला पाहिजे." हे माझे शब्द. माळ्यावरून ते लाकूड दोघा कामगारांनी उतरवलं, एका टोकाला मी हात दिला.

नवव्या दिवशी मी वजन केलं. आठ किलो दोनशे. मग टोकावर वितळून उरलेलं मेण खरवडून तिथून एक कपची काढली, ओव्हनमध्ये सुकवली आणि पाणी काढलं. शंभरात नऊ. पुस्तकात बारा चालतं असं होतं. मी चिठ्ठी लिहिली, लाकूड सुकलं आहे, पाणी नऊ टक्के, आणि अध्यक्षांना दिली.

भुसा मिसळून एकजीव होतो, कुठूनही मूठभर घ्या, आकडा तोच येतो. लाकूड म्हणजे भुशाचा ढीग नव्हे. टोकं आधी सुकतात हे मिस्त्रींनी माझ्यासमोर मेण लावताना सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, आणि नेमकी टोकाचीच कपची घेतली, कारण ती काढायला सोपी होती.

याहून वाईट गोष्ट अशी, की खरं उत्तर माझ्या वहीत होतं. अकरा किलो दोनशेमध्ये साडेसदतीस टक्के पाणी, म्हणजे कोरडं लाकूड सात किलो. आठ किलो दोनशेमधून सात गेले, उरलं पाणी एक किलो दोनशे. शंभरात साडेचौदाच्या वर. टोक नऊ आणि सगळं मिळून साडेचौदा, म्हणजे गाभ्यात किती असेल? चौथीतला पोर हे गणित करील. मी केलं नाही. रविवारी रविवारी लिहिलेली वही टेबलाच्या खणात होती, ती मी उघडली नाही.

मिस्त्री परत आले, माळ्यावर बघितलं आणि सरळ बॉयलरकडे गेले. लाकडाला हात लावला. वर कट्ट्यावरून त्यांचा आवाज खाली आमच्यापर्यंत येत होता. त्यातलं काही इथे लिहिता येणार नाही. मग प्रयोगशाळेत आले. मी चिठ्ठीचं सांगितलं. ते म्हणाले, "कुठून काढली कपची?"

"टोकाची."

"टोकाला इचारलं? टोक काय सांगनार? ते तर दारात बसलेलं."

दुसऱ्या दिवशी सुतारखात्याला ऑफिसातून लेखी हुकूम आला, धनुष्य करावं, सोबत प्रयोगशाळेची चिठ्ठी जोडली आहे. मिस्त्रींच्या निवृत्तीला पाच महिने होते, पण ते हुकमाला घाबरले असं मला वाटत नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर अध्यक्षांनी गावातून कुणीतरी फर्निचरवाला आणून त्या लाकडावर करवत चालवली असती. मिस्त्री मला एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचा हात लागन्यापरीस माझा लागू द्या."

सहा दिवस ते काम करत होते. साल काढली, वरचा थर कुठेही दुखवला नाही. आतल्या बाजूने रंधा, मग पोलादी पट्टी, मग काचेचा तुकडा. टेकून थोडं वाकवायचे, बघायचे, पुन्हा खरवडायचे. सुजलेल्या बोटांनी रंधा धरता येईना तेव्हा फडकं गुंडाळून धरला. चौथ्या दिवशी त्यांनी मला आणि अध्यक्षांना बोलावलं. धनुष्य धरतात त्या मुठीच्या जरा वर, आतल्या अंगाला, केसाएवढ्या बारीक चार रेघा होत्या.

"आत फाटलंय. वरचं आकसलं, आतलं वलंच ऱ्हायलं. हे ओढायचं न्हाई. भिताडाला टांगा, फोटो काढा."

"पॉलिश मारा, मिस्त्री," अध्यक्ष म्हणाले. "दिसणार नाही."

"दिसन्याचं कोन बोलतंय?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुमचा आकडा काय सांगतो?"

मी म्हणालो, "वरवरच्या असतील."

दोन शब्द. मिस्त्रींनी पॉलिश मारलं.

दसऱ्याला संध्याकाळी मैदान भरलं होतं. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी माझी बायको. व्यासपीठावर ते धनुष्य आणलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगतो, तेवढं देखणं काम मी पाहिलेलं नाही. मधाच्या रंगाचं, दोन्ही अंगं सारखी, कुठे खोट नाही. पाहुणे हसत पुढे झाले. अध्यक्षांनी माईकवर मिस्त्रींचं नाव घेतलं. मिस्त्री रविवारचा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात उभे होते. पाहुण्यांनी धनुष्य उचललं तेवढ्यात ते पुढे आले आणि म्हणाले, "थांबा साहेब. नवं हाय. आधी मी वढतो."

पाहुण्यांनी कौतुकाने दिलं. अध्यक्षांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मिस्त्रींनी बाण लावला नाही. मैदानाकडे तोंड केलं, डावा हात ताठ केला आणि दोरी ओढली. छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, मग कानापर्यंत. पाहुणे कधीच ओढू शकले नसते एवढी ओढली. मुठीच्या वर आवाज झाला, फटाक्यासारखा. वरचा अर्धा भाग उलटून त्यांच्या कपाळावर बसला. ते एका गुडघ्यावर आले. शर्टावर रक्त उतरत होतं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, रावण तिकडं हाय!"

आणि मैदान हसलं. पाच-सहाशे माणसं हसली. मी त्यांच्यातल्या निम्म्यांना नावाने ओळखतो. काहींच्या घरच्या पाटापासून पाळण्यापर्यंत सगळं मिस्त्रींनी करून दिलेलं होतं. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "मिस्त्रींचं वय झालंय, सांभाळून घ्या," आणि पुन्हा हशा. रावण बांबूला बांधलेल्या बोळ्याने पेटवला. तो फार चांगला जळला.

माझी बायको म्हणाली, "उठा की. जा ना वर." मी उठलो नाही. माझी चिठ्ठी अध्यक्षांच्या फायलीत होती आणि त्यांनी ती वर दाखवली तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मिस्त्रींना दवाखान्यात दुसऱ्यांनी नेलं. चार टाके पडले.

माझा मिस्त्रींवरचा राग इथला आहे. त्यांनी तिथे उभं राहून एक वाक्य म्हणायला हवं होतं, लाकूड कच्चं आहे, ह्यांनी भाजलंय. म्हटलं नाही. जन्मभर ज्याला त्याला तोंडावर बोलणारा माणूस नेमका तेव्हा गप्प राहिला, आणि सगळ्या जिल्ह्याला कळलं की कारखान्याच्या मिस्त्रीला धनुष्य करता येत नाही. आजही जुन्या लोकांत त्यांचं नाव निघालं की पहिल्यांदा तो रावण निघतो. मिस्त्री वारले त्याला दोन वर्षं झाली. दफनविधीला गेलो होतो तेव्हाही फाटकाजवळ दोघं जण तेच सांगून हसत होते. मी त्यांना हसणं बंद करायला सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुतारखात्यात गेलो. मिस्त्री डोक्याला पट्टी बांधून स्टुलावर बसले होते. समोर बाकावर धनुष्याचे दोन तुकडे.

"मिस्त्री, माझं चुकलं."

"तोंडानं म्हनू नका. लिहून चुकला, लिहून सुधरा." त्यांनी बारीक पात्याची करवत माझ्याकडे सरकवली. "कापा."

"काय?"

"धनुष्य. टोकापासून मुठीपर्यंत, चकत्या करा. आत काय हाय ते बगा तुमच्या त्या भट्टीत. मी कापनार न्हाई. तुमी कापा."

मी कापलं. मला करवत नीट धरता येत नाही, ती अडकत होती, आणि ते एका शब्दाने सांगत नव्हते कशी धरायची. तेरा चकत्या. मी त्या प्रयोगशाळेत नेल्या, सुकवल्या, तोलल्या. टोक नऊ, मधली जागा बारा, मुठीचा गाभा सतरा. गाभ्याच्या चकतीत बारीक चिरा, बाहेरच्या कडेपर्यंत न पोहोचलेल्या. मी सगळं एका मोठ्या कागदावर मांडलं. खाली निष्कर्ष लिहिला, लाकूड अवेळी उष्णतेने सुकवल्यामुळे आतून फाटलं होतं, घडवणाऱ्याचा दोष नाही. कॉलनीच्या फाटकाजवळ मंडळाचा फलक आहे, त्यावर सकाळी टाचण्यांनी लावला.

दुपारी मिस्त्री फलकापाशी उभे होते. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, "हे कोनी लिहिलं?"

"मी."

"मग नाव कुठंय? सुकवलं म्हने. कोनी सुकवलं? भूत येऊन बसलं हुतं बॉयलरवर?"

मी खिशातलं पेन काढलं. 'सुकवल्यामुळे' खोडून 'मी व मंडळाच्या अध्यक्षांनी सुकवल्यामुळे' लिहिलं. खाली, टोकाची कपची घेऊन पाणी नऊ टक्के सांगितलं तेही मीच, असं लिहिलं. सही केली.

"हुद्दा," मिस्त्री म्हणाले.

हुद्दा लिहिला. ते निघून गेले.

संध्याकाळपर्यंत कागद फाडलेला होता. मी दुसरी प्रत लावली. अध्यक्ष घरी आले. "साहेब, झालं गेलं. मंडळाची बदनामी कशाला? म्हाताऱ्याला तर काही वाटतसुद्धा नाही."

"आकडे चुकलेत का?"

"आकड्यांचं कोण बोलतंय?"

"मी बोलतोय. चुकले असतील तर सांगा, खोडतो."

ते चहा न घेता गेले. दुसरी प्रत गेली, तिसरी गेली. चौथी लावताना दोन कामगार बघत होते. एक म्हणाला, "साहेब, कशाला डोक्याला ताप?" मी त्याला मैदानात कुठे बसला होतास ते विचारलं. पाचवी प्रत दोन दिवस टिकली, तिच्यावर कुणीतरी पेनाने रावणाची दहा तोंडं काढली, मग तीही गेली. दर वेळी टाचण्या मात्र जागच्या जागी असत.

सहावी प्रत घेऊन मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा मिस्त्री आधीच तिथे होते. हातात सरसाचं भांडं, खाली फडकं धरलेलं, वाफ येत होती. सुतारखात्यापासून फाटकापर्यंत ते भांडं धरून चालत आले होते. त्यांनी मला कुंचला दिला.

"गरम हाय तवर लावा. गार झाला की धरत न्हाई."

मी कागदाच्या चार कोपऱ्यांना सरस लावायला लागलो.

"कोपरे काय लावता? पुरता लावा."

मी कागद उलटा करून सगळी पाठ माखली, फलकाच्या लाकडावर बसवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. लोक कामाला निघाले होते, थांबून बघत होते. हात भाजत होते. मिस्त्री "आता काढा" म्हणेपर्यंत मी ते काढले नाहीत.